वडिलांचे नाव काय?

भाषाशास्त्र हा विषय बी.कॉम.ला नसतो. आम्हाला होती ती हिशेबनीशी, आणि तिच्यात शब्द थोडे, आकडे फार. तरीपण वीसेक वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसले, की भाषाशास्त्राचा निदान एक नियम माणूस आपोआप शिकतो. तो म्हणजे, नावावर जाऊ नये. आमच्या पाथरीच्या शाखेत (बँक कोणती ते विचारू नका, निवृत्तीला अजून अवकाश आहे) एकाच नावाचे, एकाच आडनावाचे आणि एकाच गावचे तीन-तीन खातेदार आहेत. अनुदानाची यादी लागली, की तिघेही एकदम येतात आणि तिघेही छातीवर हात ठेवून म्हणतात, "ह्यो मीच!" अशा वेळी कारकून मान वर न करता एकच प्रश्न विचारतो, "वडिलांचं नाव काय?" झाले! तिघांतले दोघे आपोआप बाकावर जाऊन बसतात.

हाच प्रश्न मी शब्दांना विचारायला लागलो आणि माझी रिकाम्या वेळेची चांगली सोय झाली.

आता हेच पाहा ना. आमच्याकडे उत्तरेकडचे एक शाखाधिकारी बदलून आले. भला माणूस. दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावर बैठक घ्यायची म्हणून त्यांनी शिपायाला विचारले, "हॉल खाली है क्या?" शिपाई म्हणाला, "नाही साहेब, वर आहे." साहेबांनी पुन्हा विचारले, शिपायाने पुन्हा बोट वर केले. तिसऱ्या खेपेला साहेबांचा आवाजही वर गेला. वास्तविक दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. साहेबांचा 'खाली' अरबस्तानातून निघून, फारसीच्या घोड्यावर बसून, दिल्लीमार्गे आलेला. त्याचा अर्थ रिकामा. शिपायाचा 'खाली' इथलाच, 'खालचा' आणि 'खालावणे' यांच्या घरातला. दोघांची चेहरापट्टी एक, पण वडील वेगळे.

असे नामसाधर्म्याचे खातेदार भाषेत पुष्कळ. डोक्यावरचे 'केस' संस्कृत 'केश'चे चिरंजीव आणि कोर्टातली 'केस' साहेबाच्या देशातून आलेली. त्यांचा संबंध एवढाच, की दुसरी लांबत गेली की पहिले गळत जातात. घरावरचे कौल वेगळे आणि जमिनीच्या कागदावरचा कौल वेगळा. कागदावरचा अरबी, त्याचा अर्थ दिलेला शब्द, वचन. कौलारू घरातला माणूस दोन्ही सांभाळून असतो, कारण गळतात दोन्हीही. उर्दूत 'शहाना' म्हणजे शाही, राजाला शोभेलसा. आपला 'शहाणा' निघाला संस्कृत 'सज्ञान'मधून. म्हणून उर्दूत एखाद्याचा थाट शहाना म्हटला तर तो खुलतो, आणि मराठीत एखाद्याला "फार शहाणा आहेस" म्हटले तर तो बाह्या सरसावतो.

दुसरा वर्ग याहून मजेचा. तिथे बाप एकच, पण पोरांनी वाटण्या करून घेतल्या आणि आता एकमेकांना ओळख देत नाहीत. 'शिक्षा' हा शब्द संस्कृतात शिकण्या-शिकवण्याचा. हिंदीने तो तसाच ठेवला. मराठीने त्याच्या हातात छडी दिली. म्हणून हिंदी भाषकाच्या तोंडचा 'शिक्षा मंत्री' आमच्या गावाकडच्या माणसाला तुरुंगखात्याचा वाटतो. बरे, उर्दूत शिक्षणाला 'तालीम' म्हणतात. तोही आपण घेतला, आणि तिथे लाल माती पसरून पोरांना लंगोट नेसायला लावले! शिक्षणाचे दोन-दोन उत्तम शब्द हाती आले असता एकाची छडी आणि दुसऱ्याचा आखाडा करणारी दुसरी भाषा असेल असे वाटत नाही.

आमच्या बँकेत तर अशा भाऊबंदांचा रोज मेळावा भरतो. एकदा एक शेतकरी साहेबांच्या केबिनमध्ये शिरला आणि आनंदाने म्हणाला, "सायेब, सकाळीच दस्त झाला. आता पैसे कवा?" साहेब खुर्चीसकट मागे सरकले. म्हणाले, "पैसे छोडिए, पहले डॉक्टर के पास जाइए!" फारसीत 'दस्त' म्हणजे हात. हाती धरायचा तो दस्तऐवज. मराठीने त्याचा पुढचा तुकडा तोडून रजिस्ट्रार कचेरीत ठेवला. हिंदीत तो पोटात उतरला आणि जुलाब झाला. मूळ हात एकच, पण तो कुठे ठेवावा यावर मतभेद.

'जब्त' म्हणजे ताबा. उर्दू गझलेतला प्रेमिक जब्त करतो, म्हणजे डोळ्यांतले पाणी डोळ्यांतच आवरतो. आमचा वसुली अधिकारी जप्ती करतो, आणि पाणी दुसऱ्याच्या डोळ्यांत येते. 'तक्रार' या अरबी शब्दाचा अर्थ पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा सांगणे. आमची तक्रारवही ज्याने एकदा चाळली आहे त्याला मराठी अर्थ अरबीपासून फारसा लांब गेला आहे असे वाटणार नाही. 'रजा' मुळात संमती, खुशी. 'राजी' त्याच घरातला. साहेब राजी असला तर रजा, हे व्याकरण प्रत्येक कारकुनाला कोश न उघडता येते.

आणि 'हरकत'! अरबीत हरकत म्हणजे हालचाल. आमच्याकडे पेन्शनला येणारे उर्दू शाळेतले एक निवृत्त मास्तरसाब आहेत. त्यांनी एकदा आमच्या बँकेचे 'ना हरकत प्रमाणपत्र' चष्मा पुसून वाचले आणि म्हणाले, "वल्ला! हालचाल नाही, असा लेखी दाखला? तीन महिन्यांपासून फाईल हलली नाही हे आम्हाला माहीत होतं, पण बँक इतकी प्रामाणिक असेल हे माहीत नव्हतं."

हे सगळे शब्द पाथरीसारख्या गावात गोळा झाले यात नवल नाही. आमचा मुलूख १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत हैदराबादच्या निजामाचा. कचेरी उर्दू, कोर्ट उर्दू, आणि १९१८ साली हैदराबादला निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूच. आमचे आजोबा घरात मराठी बोलत, देवासमोर संस्कृत म्हणत आणि रागावले की उर्दूत रागावत. पैसे मोजत हाली सिक्क्यात. सात हाली म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार. 'हाली' म्हणजे चालू, सध्याचा. 'हल्ली'चाच भाऊ. त्याच घरातला 'हाल' उर्दूत नुसती विचारपूस करतो, "क्या हाल है?" मराठीत मात्र हाल फक्त होतात, आणि तेही कुत्रा खात नाही असे.

या पाहुण्यांना घराबाहेर काढण्याचे प्रयत्नही झाले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि कारभारातल्या सुमारे १४०० यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पुढे सावरकरांनी 'तारखे'ला 'दिनांक' दिला. तारीख बिचारी मोठी खानदानी. उर्दूत तिचा एक अर्थ चक्क इतिहास. आम्ही तिला चेकच्या कोपऱ्यात बसवले होते, तिथूनही ती उठली. माधव जूलियनांची गोष्ट तर वेगळीच. त्यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश काढला, म्हणजे एकेका पाहुण्याची नावनिशीवार नोंद केली, आणि पुढे स्वतःच भाषाशुद्धीचा पक्ष घेतला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर आधी खाती उघडली आणि मग बंद करायच्या नोटिसा काढल्या. पण खातेदार हुशार. काही गेले, बाकीचे काउंटरवर अजून उभे आहेत. 'बाकी' हादेखील त्यांतलाच.

आता म्हणाल, यात पाथरीचे विशेष काय? पाथरीचे नाव २०२० साली वर्तमानपत्रांतून गाजले ते साईबाबांच्या जन्मस्थळाच्या वादावरून. त्या वादात मी पडत नाही. मला शिर्डीलाही जायचे असते आणि पाथरीतही राहायचे असते. मी सांगतो ती गोष्ट साडेपाचशे वर्षांपूर्वीची, आणि ती फिरिश्ता या इतिहासकाराने फारसीत लिहून ठेवली आहे.

पाथरीचे एक कुलकर्ण्यांचे घराणे होते. त्यातली काही मंडळी पुढे विजयनगरच्या मुलखात गेली. बहमनी फौजेने तिकडे स्वारी केली आणि त्या घरातला एक मुलगा पकडून आणला. मुलाचे नाव तिमाभट. वडिलांचे नाव (पाहा, आलाच प्रश्न!) भैरव. मुलाला मुसलमान केले, मलिक हसन असे नाव दिले आणि सुलतानाने त्याला राजपुत्राबरोबर वाढायला ठेवले. पोरगा कुलकर्ण्याचा. अरबी-फारसी त्याने हां हां म्हणता पचवली. लोक त्याला बापाच्या नावाने 'मलिक हसन भैरव' म्हणत. पण राजपुत्राच्या जिभेला 'भैरव' काही वळेना. तो म्हणू लागला, 'बहरी'. आणि फारसीत बहरी म्हणजे शिकारी ससाणा!

राजाची जीभ वळत नसेल तर लोक आपले कान वळवतात. मलिक हसन कायमचा बहरी झाला. एवढ्यावर थांबले नाही. पुढे त्याला शाही ससाण्यांच्या खात्याचा अधिकारीच नेमले. म्हणजे आधी नाव चुकले आणि मग चुकलेल्या नावाला शोभेलशी नोकरी मिळाली. आजच्या काळी पासबुकावर 'भैरव' आणि आधार कार्डावर 'बहरी' असते, तर ससाणे राहोत, त्याला निराधार योजनेचे पैसेही मिळाले नसते. एका वेलांटीपायी अनुदान अडलेली म्हातारी मी दर महिन्याला पाहतो. तिच्यासाठी शब्दांचा हा खेळ करमणुकीचा नाही.

'बहिरी' हा शब्द तर पुन्हा हजेरीपटावर घेण्यासारखा आहे. कानाने ऐकू न येणारी बहिरी, संस्कृत 'बधिर'ची लेक. 'बहिरी ससाणा' म्हणतो तो फारसी बहरी. गावोगावचा बहिरोबा म्हणजे भैरव. शिवाय अरबीत 'बहर' म्हणजे समुद्र आणि गझलेच्या वृत्तालाही 'बहर'च म्हणतात. झाडाला येतो तो बहर मात्र फारसी 'बहार'च्या घरचा. एवढ्या गर्दीत पाथरीचा भैरव हरवला तर दोष कोणाला द्यायचा?

पण ससाणा फार उंच गेला. 'निजाम-उल्-मुल्क' ही पदवी मिळवून तो बहमनी दरबारातल्या दख्खनी गटाचा म्होरक्या झाला. विरुद्ध गट होता इराण-तुराणातून आलेल्या सरदारांचा. त्यांना म्हणत 'गरीब'. अरबीत गरीब म्हणजे परका, परदेशी. परमुलखात माणसाचे कोणी नसते म्हणून तो दीन, असा अर्थ मागाहून चिकटला, आणि आपण तेवढाच घेतला. त्यामुळे बहमनी राज्याचा सर्वसत्ताधीश वजीर महमूद गवान हा 'गरीब' होता हे वाक्य अक्षरशः खरे आहे.

या गरीब वजिराचा शेवट वाचताना माझ्या अंगावर बँकेच्या माणसाचा काटा उभा राहतो. विरोधकांनी त्याच्या शिक्केवाल्याला फोडले आणि एका कोऱ्या कागदावर गवानचा शिक्का उठवून घेतला. मग वरच्या रिकाम्या जागेत ओरिसाच्या राजाला लिहिलेले फितुरीचे पत्र रंगवले. सुलतानाने शिक्का ओळखला, बाकी चौकशी केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी गवानचे डोके उडाले. या कटातला एक प्रमुख म्हणजे आमच्या पाथरीचा मलिक हसन. कोऱ्या कागदावर सही-शिक्का देऊ नये, हे आम्ही ग्राहकांना रोज सांगतो. त्यामागे एवढा इतिहास आहे हे आम्हालाच कोणी सांगितले नव्हते. मलिक हसनही सुटला नाही. १४८६ मध्ये बिदरला त्याचाही खून झाला.

त्याचा मुलगा अहमद १४९० मध्ये स्वतंत्र झाला आणि १४९४ मध्ये त्याने अहमदनगर वसवले. बापाच्या पदवीवरून घराण्याचे नाव पडले निजामशाही. आणि इथेच आमच्याकडच्या भल्याभल्यांची गाडी रुळावरून घसरते. त्यांना निजाम म्हणजे हैदराबादचाच. वास्तविक हा निजाम वेगळा आणि तो निजाम वेगळा. अहमदनगरची निजामशाही १६३६ मध्ये संपली. हैदराबादचा निजाम १७२४ पासून, आणि त्याचे पूर्वज समरकंदाकडचे. 'निजाम' म्हणजे व्यवस्था. 'इंतजाम' त्याच घरातला. दोन्ही घराण्यांना दिल्लीच्या नि बिदरच्या तख्तांनी एकच पदवी दिली, आणि पाथरीने दोघांचाही अंमल पाहिला. एक समरकंदचा पणतू, दुसरा चक्क आमच्या कुलकर्ण्यांचा. बाहेरची पाटी मात्र सारखी.

हे अहमदनगरवालेही गाव विसरले नव्हते. अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा. त्याच्या काळी पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. बुऱ्हाणने आधी सरळ अर्ज केला, की हे माझ्या वाडवडिलांचे गाव, त्याच्या बदल्यात दुसरा परगणा घ्या. अदलाबदलीचा अर्ज जसा नेहमी नामंजूर होतो तसा तोही झाला. मग १५१८ मध्ये फौज आणून त्याने पाथरी घेतली. इमादशहाने ती परत मिळवली. १५२७ मध्ये बुऱ्हाणने पुन्हा घेतली. धर्म बदलला, भाषा बदलली, बापाच्या नावाचा ससाणा झाला, तरी पणजोबाच्या गावासाठी माणूस दोनदा लढाईला उभा राहिला. आडनाव पुसले जाते, गाव पुसले जात नाही.

पुढे आईने अकबरीत वऱ्हाड सुभ्यातले एक 'सरकार' म्हणून पाथरीची नोंद झाली. सरकार म्हणजे तेव्हा जिल्ह्याएवढा मुलूख. पाथरी एकेकाळी स्वतःच सरकार होती. आता तालुका आहे, आणि सरकार मुंबईला असते.

हे सगळे पुराण जुने झाले म्हणावे, तर २०२३ च्या सप्टेंबरात मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामाच्या काळातली दप्तरे उघडली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. आमचे मास्तरसाब पेन्शनच्या रांगेत उभे राहिले, की पेन्शनरांपेक्षा झेरॉक्सवाल्यांचाच गराडा त्यांच्याभोवती जास्त.

एकदा असाच एक जण पिवळ्या कागदाची प्रत घेऊन आला. कागदात पोराच्या कॉलेजचा प्रवेश अडकलेला. पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द तेवढा वाचून हवा होता. मास्तरसाबांनी कागद उजेडाकडे धरला. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, 'ण' तर तिच्याकडे नाहीच, आणि घाईत लिहिणारा कारकून नुक्ते खातो. (कारकून सगळ्या भाषांत सारखाच.) "कुनबी असेल," मास्तरसाब म्हणाले, "पण शेवटचं अक्षर पुसलंय. कुनबा पण असू शकतं."

"कुनबा मंजे?" त्याचा चेहरा उतरला.

"खानदान. कुटुंब."

मला राहवले नाही. मी सांगितले, की कुनबा आणि कुणबी दोघांचाही बाप एकच, संस्कृत 'कुटुंब'. कुटुंब घेऊन जमीन कसतो तो कुणबी. माझ्या व्यासंगाचे हे शिखर होते. त्या माणसाने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग सायेब, तुमचं हे बोलनं लिहून, शिक्का मारून मिळंल का?"

महमूद गवानची आठवण होऊन मी मान हलवली. शब्दांचे वडील मी सांगू शकतो, माणसांचे सांगायला कागदच लागतो. तेवढ्यात मास्तरसाबांनी खिशातून भिंग काढले, पुसलेल्या अक्षरावर दहा मिनिटे धरले आणि म्हणाले, "शेपूट दिसतंय. 'ये' आहे. कुनबी. चल बेटा, तहसीलला मी येतो, समजावून सांगतो."

साहेब केबिनमधून हे पाहत होते. ते बाहेर आले आणि अदबीने म्हणाले, "बैठिए मास्टरसाब, धूप बहुत है, चाय लीजिए."

"नक्को साब," छत्री उचलत मास्तरसाब म्हणाले, "हरकत में बरकत."

साहेब माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, "जाऊ द्या साहेब. काही हरकत नाही."